नाकावर भरवसा नको: काचेच्या तारेतून विषारी वायू कसा ओळखतात?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा आपल्या नव्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, आकडे नीट मांडलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा प्रश्न साधा आहे. एखाद्या जागी हवेत जीवघेणा वायू आहे हे कळणार कसं? आणि जागा अशी, की तिथे माणूस पाठवणं धोक्याचं, आणि विजेची ठिणगी पडेल असं यंत्र ठेवणंही धोक्याचं. कोळशाची खाण, ड्रेनेजचं चेंबर, केमिकल कंपनीतली टाकी, कचऱ्याचा डेपो.

याच्या अनेक उत्तरांपैकी एक तुमच्या घरापर्यंत आलेलं आहे. ज्या ऑप्टिकल फायबरमधून तुम्ही रात्री दोन वाजता रील्स बघता, तीच केसाएवढी काचेची तार वायू ओळखायलाही वापरता येते. कशी, ते आज बघू.

आधी नाकाचा हिशेब

आपल्याला वाटतं की विषारी वायू असेल तर वास येईलच. घरात गॅस लीक झाला की येतो ना? पण तो वास गॅसचा नसतोच. सिलिंडरमधल्या एलपीजीला आणि पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. म्हणजे आपल्या नाकासाठी कोणीतरी आधीच सोय करून ठेवलेली असते. खाणीतल्या किंवा गटारातल्या मिथेनमध्ये असं काही मिसळायला कोणी गेलेलं नसतं.

दुसरं उदाहरण जास्त भयंकर आहे. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यांसारखा वास. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एक भाग, म्हणजे १ पीपीएम, असण्याच्या कितीतरी आधीच तो नाकाला कळतो. इथपर्यंत ठीक. पण प्रमाण वाढत साधारण १०० पीपीएमच्या पुढे गेलं, की वास घेणारी यंत्रणाच बधिर होते. वास येईनासा होतो. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, चला, हवा सुधारली. प्रत्यक्षात तो जीव जाण्याच्या टप्प्यात शिरलेला असतो. ५०० ते १००० पीपीएमच्या दरम्यान माणूस काही मिनिटांत, कधीकधी काही श्वासांत कोसळू शकतो.

तिसरं उदाहरण भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र. युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. त्या कारखान्यात लहानसहान गळती कामगारांना कळायची ती डोळ्यांच्या चुरचुरीवरून. आता आकडे बघा. कामाच्या जागी या रसायनाची सुरक्षित मर्यादा ०.०२ पीपीएम मानली जाते. आणि डोळ्यांत पाणी येतं साधारण २ पीपीएमला. शंभर पट! म्हणजे डोळ्यांनी इशारा दिला तेव्हा मर्यादा कधीच ओलांडलेली असते. सेन्सर असता तर भोपाळ टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. तिथे एकामागून एक अनेक गोष्टी बंद किंवा बिघडलेल्या होत्या. पण माणसाच्या शरीरालाच सेन्सर बनवायचं, ही पद्धत मुळातच चुकीची आहे, एवढं यातून नक्की कळतं.

मग आज काय वापरतात?

गटारात किंवा टाकीत उतरण्याआधी वापरतात तो हातात मावणारा, चार वायू मोजणारा डिटेक्टर तुम्ही कदाचित पाहिला असेल. तो ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि पेट घेणारे वायू मोजतो. चांगलं, कामाचं यंत्र आहे, आणि ठिणगी बाहेर पडणार नाही अशा बनावटीचं मिळतं.

पण त्याच्या आतले बरेचसे सेन्सर हे छोटे रासायनिक कारखानेच असतात. पेट घेणारा वायू मोजणारा पारंपरिक सेन्सर त्या वायूला एका तापलेल्या मण्यावर थोडासा जाळतो आणि मणी किती तापला ते बघतो. त्याला जाळायला ऑक्सिजन लागतो. सिलिकॉनची वाफ किंवा गंधकयुक्त वायू लागला की मण्यावरचा थर निकामी होतो. इथेच खरी गोम आहे. मेलेला मणी काय दाखवतो? शून्य. आणि स्वच्छ हवेत चांगला मणी काय दाखवतो? तेही शून्य.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल. आमच्याकडे 'शून्य' आणि 'नल' यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. हे दोन्ही स्क्रीनवर सारखेच दिसले, तर एखाद्या ॲपमध्ये बग येतो. खाणीत माणूस जातो. म्हणून असे डिटेक्टर वापरण्याआधी त्यावर थोडा माहीत असलेला वायू सोडून तपासायचे असतात. ही तपासणी रोज कोण करतं, हा प्रश्न तुम्ही स्वतःलाच विचारा.

आता फायबरकडे

फायबरमध्ये दोन थर असतात. आत काचेचा गाभा, बाहेर थोड्या वेगळ्या काचेचं आवरण. प्रकाश आतून तिरका येऊन कडेला आपटला की बाहेर न जाता पूर्णपणे आत परततो. असा आपटत आपटत तो किलोमीटरच्या किलोमीटर जातो. आवरणासकट ही तार १२५ मायक्रॉन जाड असते, म्हणजे एका मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी. आपल्याकडचं नाव सांगायचं तर, पंजाबात मोगा इथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी. त्यांनी लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर फायबरच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पाठवून दाखवलं. तो शोधनिबंध १९५४ चा. पुढे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी मांडलं, की काच पुरेशी शुद्ध केली तर संदेश दूरवर नेता येईल. त्यासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं.

वायू ओळखण्याच्या कामात या तारेचा मोठा गुण असा: टोकाला वीज लागत नाही. लेझर आणि सगळं इलेक्ट्रॉनिक्स वर, सुरक्षित खोलीत. खाली जाते फक्त काच आणि प्रकाश. थोडक्यात, जिथे माणसाने जाऊ नये आणि विजेनेही जाऊ नये, तिथे प्रकाशाला पाठवा.

भारतातल्या कोळसा खाणींचा नियम आठवा: हवेत मिथेन सव्वा टक्क्याच्या वर गेला, की त्या भागातली वीज तोडावी लागते. म्हणजे ज्या क्षणी मोजमाप सगळ्यात गरजेचं, नेमका तेव्हाच खालचा वीजपुरवठा बंद. फायबरच्या टोकाला त्याचं काही सोयरसुतक नाही. वर लेझर चालू आहे तोवर मोजणं चालू.

वायू प्रकाशाला कसा सापडतो?

झोपाळ्याचं बघा. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तरच तो उंच जातो. लय चुकली की धक्का वाया. वायूच्या रेणूंचंही असंच आहे. मिथेनमध्ये एक कार्बन आणि चार हायड्रोजन स्प्रिंगने बांधल्यासारखे थरथरत असतात, आणि त्यांची लय ठरलेली असते. त्या लयीचा प्रकाश आला की रेणू तो गिळतो. बाकीचा प्रकाश तसाच पुढे जातो.

मिथेन सगळ्यात जोरात गिळतो तो ३.३ मायक्रॉन तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश. पण इंटरनेटची साधी काच २ मायक्रॉनच्या पुढे जवळजवळ अपारदर्शक होते. मग करायचं काय? सुदैवाने मिथेनची एक दुय्यम, अशक्त लय १.६५ मायक्रॉनच्या आसपास आहे. तिथे गिळण्याचं प्रमाण बरंच कमी, पण काच मात्र मस्त पारदर्शक. इंटरनेटचा प्रकाश १.३१ किंवा १.५५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपण शेजारच्याच गल्लीत आहोत. टेलिकॉमसाठी तयार झालेले लेझर, जोडण्या, तारा यांचं सगळं तंत्रज्ञान आयतं मिळतं. अमोनिया, ॲसिटिलीन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन डायऑक्साइड यांच्याही अशा दुय्यम लयी १.५ ते १.६ मायक्रॉनच्या पट्ट्यात सापडतात.

मांडणी अशी. फायबर जिथे मोजायचं तिथे नेतात. टोकाला हवा खेळती असलेली एक छोटी डबी असते. प्रकाश फायबरमधून बाहेर येतो, डबीतल्या हवेतून काही सेंटिमीटर जातो आणि दुसऱ्या फायबरमध्ये शिरून परत वर येतो. किती प्रकाश कमी झाला त्यावरून वायू किती ते कळतं. डबीतली वाट १० सेंटिमीटर आणि हवेत १ टक्का मिथेन धरला, तर त्या नेमक्या तरंगलांबीचा ढोबळमानाने तीन-चार टक्के प्रकाश कमी होतो. मिथेन ५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत हवेत स्फोटक असतो. म्हणजे धोका अजून पाचव्या हिश्श्यावर असताना आपल्याला व्यवस्थित मोजता येईल असा फरक दिसतो.

तुम्ही विचाराल, प्रकाश तर धुळीनेही कमी होईल, तार वाकली तरी कमी होईल. बरोबर. म्हणून लेझरची तरंगलांबी सेकंदाला अनेकदा किंचित मागे-पुढे सरकवतात. क्षणभर मिथेनच्या लयीवर, क्षणभर तिच्या बाजूला. धूळ दोन्ही ठिकाणी सारखाच प्रकाश खाते, मिथेन फक्त एकाच ठिकाणी. दोन्हींची तुलना केली की धूळ वजा होते आणि मिथेन उरतो. आम्ही कोडच्या दोन आवृत्त्यांचा डिफ काढतो, तसंच हे.

आणि मगाशी म्हटलं ती शून्य आणि नलची भानगडही इथे सुटते. फायबर तुटली तर प्रकाश परत येतच नाही. ते 'वायू नाही' असं दिसत नाही, 'मला दिसेनासं झालंय' असं दिसतं. यंत्राने स्वतःचं आंधळेपण स्वतः सांगणं, हा मला या पद्धतीतला सगळ्यात मोलाचा गुण वाटतो.

ही कल्पना नवी नाही बरं का. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या संशोधकांनी १० किलोमीटर लांब फायबरच्या मदतीने मिथेन मोजून दाखवला होता. पुढे स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात एकाच लेझरचा प्रकाश वाटून कचऱ्याच्या भरावावर अनेक ठिकाणी मिथेन मोजण्याची पद्धत तयार झाली. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारच्या डेपोला लागलेली आग आठवतेय ना? धूर उपग्रहाच्या चित्रांत दिसला होता. कचरा कुजून निघणारा मिथेन अशा आगींना आतून खतपाणी घालतो. शेकडो एकरांच्या ढिगाऱ्यावर माणूस यंत्र घेऊन किती फिरणार? एक लेझर आणि अनेक डब्या, हे गणित तिथे शोभतं.

जे वायू प्रकाश गिळत नाहीत त्यांचं काय?

सगळे वायू इतके सरळ नाहीत. हायड्रोजनचा रेणू म्हणजे दोन सारखे अणू. तो अवरक्त प्रकाशाला जवळजवळ दादच देत नाही. आणि तो हवेत ४ टक्क्यांपासूनच स्फोटक. भारताने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची राष्ट्रीय मोहीम मंजूर केली आहे, त्यामुळे हा प्रश्न पुढे वाढणारच आहे.

इथे फायबरवर पॅलेडियम धातूचा पातळ थर देतात. पॅलेडियम हायड्रोजन शोषून घेतो आणि पाण्यात भिजवलेल्या हरभऱ्यासारखा किंचित फुगतो. तो फुगला की फायबर ताणली जाते, आणि प्रकाशात तो ताण मोजता येतो. १९८४ मध्येच हा प्रयोग प्रसिद्ध झालेला आहे.

ऑक्सिजनसाठी आणखी मजेदार युक्ती आहे. फायबरच्या टोकावर रुथेनियमयुक्त रंगाचा थेंब लावतात. निळा प्रकाश पाठवला की तो नारिंगी-लाल चमकतो. जवळ ऑक्सिजन जितका जास्त, तितकी ही चमक लवकर विझते. चमक किती तेजस्वी आहे ते न बघता ती किती वेळ टिकली ते मोजतात, कारण रंग जुना होऊन फिका पडला तरी वेळेत त्या मानाने कमी फरक पडतो. हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की जागा असुरक्षित धरतात. बंद टाकीत विषाइतकाच ऑक्सिजनचा अभावही जीव घेतो, हे विसरू नका.

गळती नेमकी कुठे?

घाटात हाक मारली की प्रतिध्वनी किती वेळाने आला त्यावरून समोरचा कडा किती लांब ते कळतं. फायबरमध्येही तसंच. प्रकाशाचा छोटा ठोका पाठवला की वाटेतल्या प्रत्येक ठिकाणाहून थोडासा प्रकाश मागे विखुरतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर मीटरला जाऊन-येऊन १० नॅनोसेकंद. वेळ मोजा, जागा मिळाली.

या मागे येणाऱ्या प्रकाशातला एक भाग सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामाचा असतो, आणि तो तिथल्या तापमानावर अवलंबून असतो. उच्च दाबाची गॅस पाइपलाइन फुटली की बाहेर पडणारा वायू प्रसरण पावून थंड होतो. पाइपशेजारी पुरलेल्या फायबरला तो गार पट्टा कळतो. मात्र एक लक्षात ठेवा: ही पद्धत गारवा ओळखते, वायू नाही. कोणता वायू आहे ते सांगायला डबी किंवा लेप लागतोच.

सगळं इतकं छान आहे, तर सगळीकडे का नाही?

कारण त्रासही आहेत. लेझर आणि त्याचं इलेक्ट्रॉनिक्स महाग, त्यामुळे एक-दोन ठिकाणांसाठी परवडत नाही. अनेक ठिकाणं असतील तरच गणित बसतं. डबीच्या काचेवर दमट हवेने बाष्प साचतं, चिखल बसतो. लेप लावलेले सेन्सर कालांतराने थकतात, आणि काहींना आर्द्रता आणि वायू यांतला फरक कळत नाही. हायड्रोजन सल्फाइडची दुय्यम लय इतकी अशक्त आहे, की काही पीपीएमसाठी प्रकाशाला डबीत आरशांमधून पुन्हापुन्हा फिरवून वाट लांब करावी लागते. मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड यांच्यासाठी जागाही वेगळी निवडावी लागते: मिथेन हवेपेक्षा हलका, छताशी जमतो; हायड्रोजन सल्फाइड जड, तळाशी बसतो. सेन्सर चुकीच्या उंचीवर लावला तर तो प्रामाणिकपणे चुकीचं उत्तर देत राहील.

आणि आता आपल्या दारातलं चेंबर

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, आम्ही काय खाणीत काम करतो का? नाही. पण तुमच्यातले बरेच जण सोसायटीत राहतात, आणि सोसायटीचं ड्रेनेज तुंबलं की कोणालातरी बोलावलं जातं.

अशा जागी एक गोष्ट फार फसवी असते. झाकण उघडलं, डिटेक्टर दोरीने आत सोडला, आकडा ठीक आला. मग माणूस उतरला आणि त्याने गाळ ढवळला. गाळात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड तेव्हा बाहेर येतो. म्हणजे उतरण्याआधीचा आकडा उतरल्यानंतर खोटा ठरतो. म्हणूनच एकदा मोजणं पुरत नाही, सतत मोजावं लागतं. फायबरची सगळी धडपड त्या 'सतत'साठीच आहे. आणि एक जण कोसळला की वरचा दुसरा त्याला वाचवायला तसाच उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत दोन-तीन जण गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे बहुतेकदा हीच साखळी असते.

संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूंसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. तरीही माणसं उतरवली जातात, कारण सक्शनची गाडी मागवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर 'उद्या सकाळी टाकी साफ होणार, पाणी भरून ठेवा' असा मेसेज आला, तर खाली एक प्रश्न टाका: 'गाडी येणार आहे की माणूस उतरणार आहे?' माणूस उतरणार असेल, तर काम थांबवा आणि गाडी मागवायला लावा. आणि कोणी आत पडलेलं दिसलं, तर स्वतः उतरू नका. १०१ किंवा ११२ ला फोन करा.

फायबरचं तंत्र आपल्या गल्लीतल्या चेंबरपर्यंत यायला वेळ लागेल. पण त्यामागचा विचार आजच वापरता येतो: जिथे हवेचा भरवसा नाही, तिथे आधी यंत्र जाऊ दे, माणूस नाही.

प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. आणि हा भाग तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना नक्की फॉरवर्ड करा. भेटूया!